पहिली लाइव्हअबोर्ड: सात रात्री बोटीवर, तयारी काय काय करू?

तळ्यातमळ्यात | १४ नोव्हेंबर, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी. इथे डायव्हिंग करणारे दोन-चार जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून हाक मारतेय.

वय ४७, बँकेत नोकरी, मुक्काम पुणे. दोन वर्षांपूर्वी अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स केलं. आजवर एकूण ११ डाइव्ह, शेवटची १४ महिन्यांपूर्वी. आता आमच्या ग्रुपने फेब्रुवारीत मालदीवची लाइव्हअबोर्ड ठरवलीय. म्हणजे हॉटेल वगैरे नाही, सात रात्री बोटीवरच जेवायचं-झोपायचं आणि दिवसाला तीन-चार डाइव्ह मारायच्या. मालेहून निघून अरी आणि वावू अटॉल करून परत माले. मी जोशात पैसे भरून मोकळी झाले आणि आता रात्री तीनला डोळे टक्क उघडे.

शंका अशा. बोटवाल्यांना ॲडव्हान्स्डचं, म्हणजे त्याच्या पुढच्या कोर्सचं कार्ड लागतं, माझ्याकडे नाही. ग्रुपलीडर म्हणतो बोटीवरच उरकून टाकू. मला कानाचे दडे फार लवकर बसतात. खंबाटकी घाट आला की मी सुपारी चघळायला लागते. बीपीची एक गोळी चालू आहे. आणि बोट लागण्याबद्दल तर बोलायलाच नको. लहानपणी भाऊच्या धक्क्यापासून रेवसपर्यंत सगळा प्रवास कठड्याला लटकून केलेली बाई आहे मी.

नवऱ्याला पोहता येत नाही. त्याचा एकच प्रश्न आहे: बोटच बुडाली तर?

---

उधाण | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

अभिनंदन, आणि थोडं रागावतोही. पैसे भरायच्या आधी विचारायचं होतं. असो.

११ डाइव्ह हा गुन्हा नाही. पण हॅवलॉकचं पाणी आणि मालदीवचं पाणी वेगळं. अटॉल म्हणजे खडकांचं एक मोठं कडं आणि आत लगून. भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्या कड्यातल्या फटींमधून आत-बाहेर करतं. त्या फटींना तिथे कंडू म्हणतात, आणि मालदीवच्या गाजलेल्या डाइव्ह बऱ्याचशा या कंडूंमध्येच असतात. पाणी आत शिरत असलं की समुद्राचं स्वच्छ पाणी येतं, फटीच्या तोंडाशी शार्क जमतात. तुम्ही खडकात हुक अडकवून पतंगासारखे फडफडत बघत बसता. मजा येते, खोटं कशाला बोलू. पण त्या पाण्यात नवशिक्याची हवा अर्ध्या तासात संपते.

दुसरा प्रकार थिला, म्हणजे पाण्याखालचा डोंगर. माथा वर येत नाही. उतरायला उशीर झाला की प्रवाह तुम्हाला डोंगरावरून पलीकडे घेऊन जातो. म्हणून बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जाकीट) रिकामं करून उडी मारायची आणि न थांबता सरळ खाली जायचं. आणि इथेच तुमचे कान आडवे येणार. कानाचं डॉक्टरसाहेब सांगतील, ते इथे असतातच.

ॲडव्हान्स्ड बोटीवर होतो. पण सात दिवसांतल्या पाच डाइव्ह कंपास बघत आणि गुडघ्याला बांधलेल्या पाटीवर लिहीत घालवायच्या असतील तरच. माझं मत: जानेवारीत दोन-तीन दिवस नेत्राणीला जा. मुरुडेश्वरहून बोट सुटते, बेट साधारण दहा सागरी मैलांवर आहे. तिथे ॲडव्हान्स्ड करा, म्हणजे रिफ्रेशरही होईल. ओपन वॉटरला मर्यादा १८ मीटर, ॲडव्हान्स्डला ३०. मालदीवचा कायदाही रिक्रिएशनल डायव्हरला ३० च्या खाली जाऊ देत नाही.

कार्डापेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी तिथे घोटून घ्या. एक, पाच मीटरवर कशालाही न धरता तीन मिनिटं तरंगत थांबता येणं. दोन, खालून एसएमबी सोडता येणं. एसएमबी म्हणजे आपण कुठे आहोत ते बोटीला दाखवणारी ती नारिंगी फुगणारी नळकांडी. रीळ हातात, हाताचं बोट दोरीत अडकू न देता. मी पहिल्यांदा सोडली तेव्हा फुग्याबरोबर मीही वर गेलो होतो.

जमलं तर नाइट्रॉक्सचा कोर्सही करा. लोकांना वाटतं ते जास्त खोल जायला असतं. उलट आहे. टँकमधल्या हवेत ३२ टक्के ऑक्सिजन असला की शरीरात नायट्रोजन कमी साठतो, म्हणून रोजच्या चार डाइव्हना बरं. पण ३३-३४ मीटरच्या खाली तोच ऑक्सिजन झटके आणतो, आणि पाण्याखाली झटका आला की तोंडातला रेग्युलेटर सुटतो. म्हणून आपल्या टँकमधला ऑक्सिजन आपणच मोजायचा, आकडा टेपवर लिहायचा, वहीत सही करायची. 'मोजलाय मॅडम' म्हणणाऱ्याला गोड हसून परत मोजायचा.

---

भडंग | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

वाचनखूण साठवली. आम्ही मालवणला स्कुबा केलाय. मागून एक पोरगा धरून होता, पुढून दुसरा पाव चुरून मासे गोळा करत होता, बारा मिनिटांत फोटो काढून वर. त्याच संध्याकाळी आंबोली चढून रात्री सांगलीत जेवायला घरी. हे लाइव्हअबोर्डला धरतात का? ;)

---

उधाण | १५ नोव्हेंबर, सकाळी १०.०५

भडंगराव, धरत नाहीत. पण विनोदात कामाचं बोललात.

सहा मीटरवर बारा मिनिटांत नायट्रोजन असा काय साठणार, तुम्ही सुटलात. पण गोव्याला ग्रँड आयलंडला किंवा नेत्राणीला १८ मीटरच्या दोन पुऱ्या डाइव्ह मारायच्या आणि त्याच संध्याकाळी गाडी काढून घाट चढायचा, हे आपल्याकडची मंडळी सर्रास करतात. डायव्हिंगच्या पुस्तकात ३०० मीटरच्या वर गेलं की 'उंची' सुरू होते. आंबोली सातशेच्या आसपास, पुणं-कोल्हापूर साडेपाचशेच्या वर. शरीरात विरघळलेला नायट्रोजन सोड्याची बाटली उघडल्यासारखा बुडबुडतो. विमानाचा नियम मी घाटालाही लावतो: अनेक डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास, शक्यतो २४. रात्री किनाऱ्यावर मुक्काम करा, सुरमई खा, सकाळी निघा.

ताई, मालदीवहून येताना विमानच आहे त्यामुळे आदल्या दिवशी दुपारपासून डाइव्ह बंद असतात. पुढे मुंबईहून खंडाळा चढायची चिंता नको. विमानात हवेचा दाब दोन हजार मीटरच्या डोंगरावर असावा इतका कमी असतो, त्यापुढे खंडाळा काहीच नाही.

---

कानाला_खडा | १५ नोव्हेंबर, रात्री ११.३०

ओपीडी आत्ता संपली. माझ्या नावाने बोलावणं आलंच आहे तर.

आधी फॉर्म. पहिल्या दिवशी बोटीवर वैद्यकीय प्रश्नावली देतात. दमा, फिट्स, हृदय, मधुमेह, कानाची शस्त्रक्रिया, रक्तदाबाची गोळी, पंचेचाळिशीच्या वरच्यांना आणखी काही. एकाही प्रश्नाला ठरावीक ठिकाणी 'हो' आलं की डॉक्टरांची सही असल्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत. आणि समुद्राच्या मध्यावर डॉक्टर कुठून आणणार? मग लोक 'नाही'वर खूण करून मोकळे होतात. कृपया करू नका. फॉर्म आत्ताच उतरवून घ्या, तुमच्या फिजिशियनकडे जा, लागेल तर स्ट्रेस टेस्ट करा, सही-शिक्का घेऊन ठेवा. बीपी गोळीने ताब्यात असेल आणि दोन मजले चढून धाप लागत नसेल तर बहुतेकांना परवानगी मिळते. ती मी इथे बसून देऊ शकत नाही. एक लक्षात ठेवा: पाण्यात शिरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं. बीपीवाल्यांच्या फुप्फुसात क्वचित त्यामुळे पाणी भरतं. पोहायचे श्रम नसताना धाप, खोकला, घशात घरघर असं काही वाटलं की डाइव्ह तिथेच संपवून सावकाश वर, आणि ऑक्सिजन.

आता दडे. पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, म्हणजे कानाच्या पडद्यामागची हवा निम्मी. पुढच्या दहा मीटरमध्ये तेवढा फरक पडत नाही. त्यामुळे कानाची खरी लढाई पहिल्या दहा मीटरमध्ये, त्यातही पहिल्या तीनात. बहुतेक जण दुखायला लागलं की नाक दाबतात. तोवर घशाकडून कानात जाणारी नळी मिटलेली असते, मग कितीही जोर लावा. पाण्यात शिरायच्या आधी बोटीवरच एकदा मोकळे करा, मग प्रत्येक हातभर खाली गेलं की हळूच. उघडले नाहीत तर मीटरभर वर या. जोर लावून पडदा फाडून घेतलेले पेशंट मी बघितलेत.

सर्दी असेल तर डाइव्ह नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलात आणि खाली असताना तिचा असर उतरला, तर वर येताना हवा अडकते. ते जास्त वाईट.

रोज चार वेळा कान भिजतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाहेरचा कान सुजतो. डाइव्ह झाली की गोड्या पाण्याने धुवा, डोकं कलंडवून पाणी काढा, काडी घालू नका. माझं म्हणणं कानात तेल घालून ऐका, पण खरोखरचं गरम तेल घालू नका.

बोट लागण्यासाठी घरोघरी असते ती अव्होमिन चालते, पण तिने गुंगी येते. आधी एखाद्या रविवारी घरी घेऊन बघा. गुंगीत डाइव्ह नको. तुमच्या डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारा. नवीन औषध पहिल्यांदा घ्यायची जागा बोट नव्हे. आलेपाक जरूर न्या.

---

शेवग्याची_शेंग | १६ नोव्हेंबर, दुपारी १.२०

मी डायव्हर नाही, पण वाचतेय. बायकी प्रश्न विचारू का? केबिन अनोळखी माणसाबरोबर असते का? बाथरूम? पाळी आली तर? आणि शाकाहारी माणसाने सात दिवस काय खायचं?

---

उधाण | १६ नोव्हेंबर, रात्री ९.००

विचारा की. एकटं बुकिंग असेल तर बाईबरोबर बाई अशीच जोडी लावतात, तरी आधी मेल करून लेखी घ्या. मालदीवच्या बहुतेक बोटींवर केबिनला स्वतःचं बाथरूम असतं. पाणी समुद्राचंच, बोटीवर गोडं केलेलं, म्हणून शॉवर दोन मिनिटांत. कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात. तुंबलं तर साफ करणारा पोरगा तुम्हाला आठवडाभर रोज भेटणार असतो. खालच्या मजल्यावरची केबिन कमी हलते पण इंजिन कानाशी. वरची उजेडाची आणि झुलणारी. बोट लागत असेल तर खालची, मधोमध.

पाळीबद्दल माझी बायको सांगते: टॅम्पॉन किंवा कप, आणि शार्कची काळजी सोडा. पोट फार दुखत असेल तर एखादी डाइव्ह सोडायची, बस्स.

जेवण बुफे. भात, डाळ, भाजी, चपातीसारखी रोशी असते. शाकाहारी आहात हे बुकिंगच्या वेळीच कळवा. मी तरीही मेतकुटाची पुडी नेतो. दारू नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. डुकराचं मांसही चालत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरपासून व्हेपसुद्धा नेता येत नाही. बोटीवर बिअर मिळते, पण पहिला घोट घेतला की त्या दिवशीचं डायव्हिंग संपलं.

---

वाळूचं_घड्याळ | १७ नोव्हेंबर, पहाटे १.१०

दुबईहून लिहितोय, इजिप्तला लाल समुद्रात तीन लाइव्हअबोर्ड झाल्या आहेत. यजमानांच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून. तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

२ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियात सांताक्रूझ बेटापाशी 'कन्सेप्शन' ही डाइव्ह बोट जळाली. खाली झोपलेले ३४ जण गेले, ३३ पाहुणे आणि एक कर्मचारी. झोपायच्या जागेतून वर यायला दोन वाटा होत्या. एक जिना, एक आणीबाणीचं झाकण. पण दोन्ही वाटा वरच्या एकाच दालनात उघडत होत्या आणि आग त्या दालनातच होती. आग नेमकी कशाने लागली ते शेवटपर्यंत ठरलं नाही. रात्रभर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचा संशय होता. ठरलं ते एवढं की रात्री फिरता पहारा नव्हता. कॅप्टनला २०२४ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मार्सा आलमजवळ लाल समुद्रात एक लाइव्हअबोर्ड उलटली, तीही भल्या पहाटे, लोक झोपेत असताना.

त्यामुळे मी पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारतो. रात्री जागा कोण असतो? बॅटऱ्या कुठे चार्ज करतात? केबिनमधून बाहेर पडायच्या दोन वाटा दोन वेगळ्या ठिकाणी निघतात का? उत्तर लांबण लावून आलं तर दुसरी बोट.

बोटीवर गेल्यावर पहिल्या संध्याकाळी दुसऱ्या वाटेने स्वतः चढून बघायचं. नुसतं बोट दाखवून 'इथून' म्हणालेलं चालत नाही. एका बोटीवर मी झाकण ढकललं तर हलेना. वर जाऊन बघतो तर त्यावर गाद्यांची चळत. उन्हात पडायच्या गाद्या, रात्री तिथे रचून ठेवायची सवय. मी बोंब मारली तेव्हा हलवल्या. इतर पाहुणे माझ्याकडे 'हा कोण आला' अशा नजरेने बघत होते, आठवडाभर.

फोन, टॉर्च, कॅमेरा काहीही केबिनमध्ये चार्जिंगला लावून झोपू नका. लाइफ जॅकेट कुठे आहे ते हाताने चाचपून ठेवा. उशाशी छोटा टॉर्च. यजमानांना हे वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

---

तळ्यातमळ्यात | १७ नोव्हेंबर, रात्री ८.३०

वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हा माणूस कामाचा आहे, याला विचार मी येऊ का पोचवायला."

सगळ्यांना दंडवत. फिजिशियनची वेळ घेतली, नेत्राणीचं बघते. तीन प्रश्नांचा मेल आत्ताच धाडला. ग्रुपलीडर म्हणतो आजवर कुणीच असं विचारलं नव्हतं.

---

तळ्यातमळ्यात | १९ जानेवारी, रात्री १०.१५

धागा वर काढतेय. बोटवाल्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं होतं: रात्री एक मुलगा जागा, चार्जिंग फक्त वरच्या डेकवर, आणीबाणीचं झाकण पुढच्या डेकवर उघडतं. फॉर्मवर सही झाली. नेत्राणीला ॲडव्हान्स्ड झालं, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घाट चढले, नोंद घ्यावी.

पहिल्या डाइव्हला कान चार मीटरवर अडले. डॉक्टरसाहेबांचं ऐकून वर गेले, परत आले, असं तीनदा. इन्स्ट्रक्टर शांतपणे वाट बघत राहिला. शेवटी पायांकडून खाली गेले की मोकळे होतात, डोक्याकडून गेले की अडतात हा शोध लागला. एसएमबी दुसऱ्या दिवशी चौथ्या प्रयत्नात नीट उभी राहिली.

आता बॅग आणि पैसे. पॅकेजच्या बाहेर किती लागतं?

---

उधाण | २० जानेवारी, सकाळी ७.४०

पॅकेज ऐकायला बरं असतं. वर ग्रीन टॅक्स: २०२५ पासून माणशी दिवसाला १२ डॉलर, सात रात्रींचे ८४. मग नाइट्रॉक्स, भाड्याचं सामान आणि शेवटच्या रात्री टिपचं पाकीट. टिप मी पॅकेजच्या दहा टक्के धरतो, रोख डॉलरमध्ये. तिथे सकाळी पाचला उठून कॉम्प्रेसर चालवणाऱ्या पोरांना ते पोचतात.

विमा बघा. आपल्याकडच्या साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, बारीक अक्षरं वाचा. डायव्हिंगचा वेगळा विमा निघतो, तो घ्या. डीकॉम्प्रेशनचा आजार (तेच नायट्रोजनचे बुडबुडे) झाला तर उपचाराचं दाबाचं चेंबर बांडोस बेटावर आहे, पण दूरच्या अटॉलवरून तिथवर पोचणं आणि उपचार, दोन्हीचं बिल मोठं.

बॅग मऊ, घडी होणारी. कडक सूटकेस केबिनमध्ये मावत नाही. स्वतःचं काय घ्यावं म्हणाल तर मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (मनगटावर नायट्रोजनचा हिशेब ठेवणारा) आणि एसएमबी, बाकी भाड्याने. कॉम्प्युटर उसना किंवा दोघांत एक चालत नाही, नायट्रोजन ज्याचा त्याचा असतो. वेटसूट तीन मिलिमीटरचा बास, पाणी २८-२९ अंश असतं, पण चौथ्या दिवशी त्यातही हुडहुडी भरते, म्हणून डाइव्हनंतर घालायला एक जाड शर्ट. हातमोजे नकोत, बऱ्याच बोटींवर चालत नाहीत. हातात मोजे आले की माणूस प्रवाळ पकडतो. रीफ हुक चेक-इन बॅगेत, बॅटऱ्या हातातल्या. जास्तीचा मास्क-पट्टा आणि ओ-रिंग. विमानात बसायच्या ९६ तासांच्या आत मालदीवचा ऑनलाइन फॉर्म भरा. व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट.

आणि एक. सात दिवसांत निदान एक डाइव्ह सोडायची तयारी मनात ठेवून जा. पैसे भरलेत म्हणून उतरलेला माणूस गाइडला लांबून ओळखू येतो.

---

तळ्यातमळ्यात | २४ फेब्रुवारी, रात्री ९.२०

आले. धड आले. १७ पैकी १५ डाइव्ह झाल्या. सविस्तर लिहिते, कारण या धाग्याचं देणं आहे.

बोटीवर पाय ठेवताक्षणी चपला एका टोपलीत गेल्या, त्या आठव्या दिवशी परत मिळाल्या. आठवडाभर देवळात असल्यासारखे सगळे अनवाणी. बोटीचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे, उजेड जास्त मिळावा म्हणून. पहिल्या रात्री मैत्रिणीला मोजायला लावलं आणि डोळे मिटून केबिनबाहेर पडले: डावीकडे चार पावलं, अकरा पायऱ्या, उजव्या हाताला दार. झाकणही ढकलून बघितलं, उघडलं. एवढंच नवऱ्याला पाठवलं. रात्री दोनला उठून पहारेकरी खरंच आहे का तेही बघितलं. होता, चहा पीत. त्याने मलाही विचारलं.

डाइव्ह मोठ्या बोटीवरून करत नाहीत, बरोबर एक धोनी, म्हणजे छोटी बोट असते, सामान आणि कॉम्प्रेसर तिच्यावर. त्यामुळे झोपायच्या बोटीवर आवाज कमी. पाण्याला ते लोक 'फेन' म्हणतात, माशाला 'मस'. नाश्त्याला मस हुनी, म्हणजे ट्यूना, खोबरं, कांदा, मिरची लिंबू पिळून कालवलेलं. रोशीबरोबर खाल्लं आणि आजीच्या हातची सुकटीची कोशिंबीर आठवली. त्यांची दिवेही भाषा आपल्या मराठीची दूरची बहीणच आहे म्हणे, त्या नाश्त्याला पटलं.

बोट पहिल्या दिवशी लागली, मग नाही. गोळी रात्री घेतली, सकाळी आलेपाक. व्हेल शार्क दिसला नाही. दक्षिण अरीत तीन तास छपरावर बसून डोळे दुखले, हाती काही नाही. पण अलिमाथाच्या रात्रीच्या डाइव्हला नर्स शार्क इतके, की एक मांडीला घासून गेला. कातडी पॉलिश पेपरसारखी. तो माझ्यापेक्षा निवांत होता.

आता सोडलेल्या डाइव्हबद्दल. चौथ्या दिवशी दुसऱ्या डाइव्हनंतर नाक चोंदलं, उजवा कान बंद. तिसरी डाइव्ह कंडूत, बीसीडी रिकामं करून उतरायचं, प्रवाह जोरात. ब्रीफिंग संपलं, सगळे वेटसूट चढवायला लागले आणि मी म्हटलं, मी नाही येत. ग्रुपलीडर म्हणाला, "अहो, इथली सगळ्यात भारी डाइव्ह ही." गाइड एवढंच म्हणाला, "ओके," आणि फळ्यावरचं माझं नाव अंगठ्याने पुसलं. एवढी धडधड नेत्राणीलाही झाली नव्हती.

धोनीच्या छपरावर खलाशाशेजारी बसले. त्यांनी उडी मारली आणि सगळे नाहीसे. मी उडीच्या जागेकडे बघत होते, खलाशी मात्र अर्धा किलोमीटर पलीकडे बघत होता. चाळीसेक मिनिटांनी नारिंगी नळकांडं तिथेच उगवलं जिथे तो बघत होता. तेवढ्यात त्याने दुसरीकडे हात केला आणि धोनी वळवायला सांगितली. मला काही दिसेना. "हेड," म्हणाला. मी त्याच्या बोटाच्या रेषेत बघतेय, लाटा आणि लाटांवरचं ऊन, बाकी काही नाही. शंभरेक मीटर जवळ गेलो तेव्हा आमच्यातल्याच एकाचं काळं डोकं दिसलं. हवा लवकर संपली, प्रवाहात इतरांपासून सुटला, वर आला. एसएमबी केबिनमध्ये होती. "बाकीच्यांकडे आहेत की" म्हणून. शिट्टीही वाजवत होता म्हणे, इंजिनापुढे कोणाला ऐकू जाणार.

त्या दिवसापासून जेवताना सुद्धा त्याची एसएमबी मांडीवर.

पाचव्या दिवशी सकाळची डाइव्हही सोडली, दुपारपासून कान उघडला. डॉक्टरसाहेब, काडी घातली नाही.

---

कानाला_खडा | २४ फेब्रुवारी, रात्री ११.५०

शाबास. तरी एकदा येऊन कान दाखवून जा, कोल्हापुरात आलात तर. फी नाही, मस हुनीची कृती द्या.

---

वाळूचं_घड्याळ | २५ फेब्रुवारी, रात्री १२.४०

अकरा पायऱ्या! वा. यजमानांना नमस्कार सांगा.

---

भडंग | २५ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

धागा पहिल्यापासून वाचला. बायको म्हणते, "पाव खाणारे मासे बघून आलात, आता खरं शिका." एप्रिलमध्ये नेत्राणीला ओपन वॉटरला नाव घातलंय. एकच शंका, इन्स्ट्रक्टर म्हणतो मिशीमुळे मास्कमध्ये पाणी शिरतं. वीस वर्षांची मिशी आहे हो. काढावी लागेल का?

---

उधाण | २५ फेब्रुवारी, सकाळी ८.२०

नाकाखाली बोटभर पट्टी साफ करा, तिथे मास्कची कड बसते. बाकीची राहू द्या. आणि परतीचा घाट दुसऱ्या दिवशी.